शुक्रवारपर्यंत

मास्तर : तुम्ही कशाला पाणी पिताय आता? मशीनखाली जाताना मूत्राशय भरलेलं लागतं म्हणून मी पितोय, तुम्हाला तर आत घेतच नाहीत.

ड्रायव्हर : हळू बोला, मास्तर. सवय लागलीय. शिवाय तुम्ही एकटेच बाटली तोंडाला लावून बसलात की फार केविलवाणे दिसता.

मास्तर : चेष्टा पुरे झाली. मी काल सिस्टरांना विचारलं. म्हटलं, माझ्या आधी यांचा नंबर असायचा. आता हे रोज येतात, गाऊन घालत नाहीत, यांना कुणी पुकारत नाही, हा काय प्रकार आहे? त्यांनी हातातली फाइल मिटली. माझ्याकडे नुसतं बघितलं.

ड्रायव्हर : भली बाई आहे. गर्दी झाली की खुर्ची सोडा म्हणाली, बाकी काही विचारलं नाही.

मास्तर : मग तुम्ही तरी सांगा.

ड्रायव्हर : माझी कंबर धरली होती, आठवतं? मला वाटलं, जन्मभर बस चालवली, मणके खिळखिळे झाले असतील. डॉक्टरांना सहज बोलून गेलो. त्यांनी लगेच स्कॅन करायला लावला. कॅन्सर मणक्यातही आहे, खुब्यातही आहे. पडद्यावर जागोजागी दिवे लागल्यासारखं दिसत होतं.

मास्तर : असं कसं होईल? पहिल्या दिवशी आपल्याला समजावलं होतं त्यांनी. प्रोटॉनचे किरण आत शिरतात, प्रोस्टेटपाशी पोचतात आणि तिथेच थांबतात. पुढच्या भागाला धक्का लागत नाही.

ड्रायव्हर : थांबले की. त्यांची काही चूक नाही, अगदी बरोबर स्टॉपवर थांबले. आजारच आधी उतरून पुढे निघून गेला होता. आता मशीन कशावर धरणार? डॉक्टर म्हणाले, हे बंद करू, इंजेक्शनं आणि गोळ्यांवर जाऊ. वर्ष-दोन वर्षं निघतील म्हणाले. म्हणताना टेबलावरचं पेन सरळ करत होते.

मास्तर : अरेरे. आणि घरी काय सांगितलंत?

ड्रायव्हर : घरी कोण आहे? एक मुलगी. सकाळी गाडी काढते, मला दारात सोडते आणि पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून बसते. तासाभराने मी खाली जातो. झालं का म्हणते, झालं म्हणतो.

मास्तर : म्हणजे तिला काहीच ठाऊक नाही.

ड्रायव्हर : येत्या शुक्रवारी माझा शेवटचा डोस ठरला होता ना? शनिवारी ती जाणार आहे. दूरच्या शहरात नोकरी लागलीय तिला, मोठमोठे पूल बांधतात ते लोक. माझ्यापायी रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलली. आता तिसऱ्यांदा मिळणार नाही म्हणालेत. शुक्रवारपर्यंत रेटून नेलं की मी सुटलो.

मास्तर : सुटलो काय म्हणता? शनिवारनंतर तुम्हाला इंजेक्शनाला कोण आणणार? अंथरुणातून उठता येईना झालं तर कोण उठवणार?

ड्रायव्हर : बघू.

मास्तर : हे बघू म्हणण्यासारखं नाही. आणि माफ करा, पण ही त्या मुलीची फसवणूक आहे.

ड्रायव्हर : आहे. तिची आई आजारी पडली तेव्हा हिने कॉलेज अर्ध्यात सोडलं. आईचं हगणंमुतणं काढलं, तिला भरवलं. आई गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वर्गातल्या पोरी हिला ताई म्हणायच्या. आता कुठे तिचं गाडं रुळावर आलंय, आणि मी पुन्हा तेच तिच्या गळ्यात घालू? माझी जीभ रेटत नाही, मास्तर.

मास्तर : मला पटत नाही. पण मी कोण बोलणारा.

ड्रायव्हर : तुम्हाला बोलावंच लागणार आहे. आज ती वर येतेय. तुमच्याबद्दल मी रोज सांगतो ना, तर म्हणाली काकांना भेटते. बाबांचं छान चाललंय एवढंच म्हणायचं. जास्तीचं काही नको.

मास्तर : मला नाही हो जमत असलं. तोंडावर दिसतं माझ्या.

ड्रायव्हर : मग पाणी पीत राहा. आली बघा. ये गं. हे आपले मास्तर.

मुलगी : नमस्कार काका. बाबा घरी सारखं तुमचंच सांगत असतात. तुमची किती ओळख झालीय मला.

मास्तर : हो, हो. बस ना. बाबांचं छान चाललंय.

मुलगी : मी अजून विचारलं नव्हतं.

ड्रायव्हर : अगं, त्यांना सकाळपासून पाणी पाजून ठेवलंय. डोकं ठिकाणावर राहत नाही माणसाचं.

मुलगी : काका, तुमच्या कमरेवर त्या शाईच्या रेघा आहेत ना?

मास्तर : आहेत की. त्यावरूनच मशीनखाली नीट निजवतात आपल्याला. फिक्या झाल्या की पुन्हा काढतात. मी तर तिथे साबणसुद्धा…

मुलगी : लावत नाही. बाबाही लावत नव्हते. टॉवेलसुद्धा टिपून टिपून वापरायचे, आणि मी जरा जोरात पाणी ओतलं तर ओरडायचे. गेल्या सोमवारपासून खसाखसा अंग घासतायत. टॉवेल जांभळा झाला.

ड्रायव्हर : आता संपतच आलंय, म्हणून म्हटलं…

मुलगी : काल मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वडिलांशीच बोला. सगळं ठीक असतं तर असं कोण म्हणतं, बाबा?

(आतून मास्तरांचा नंबर पुकारतात. मास्तर उठतात आणि उभेच राहतात.)

मुलगी : जा काका. इतकं पाणी प्यालात, तुम्हाला फार वेळ धरवणार नाही.

मास्तर : ड्रायव्हरसाहेब, मी प्रयत्न केला.

ड्रायव्हर : केलात. जा तुम्ही.

मुलगी : कुठवर गेलंय?

ड्रायव्हर : हाडांत.

मुलगी : आणि मी शनिवारी जाणार होते. तुम्ही मला हसत हसत पोचवायला येणार होतात.

ड्रायव्हर : तू जायचंसच. शेजारच्यांशी बोललोय मी. गोळ्या घ्यायला काही माणूस लागत नाही.

मुलगी : मला फार राग आलाय, बाबा. आईच्या वेळी मी थांबले ती कुणी सांगितलं म्हणून नाही. मला तिच्याजवळ राहायचं होतं. ते तुम्ही कधी धरलंच नाहीत, माझं नुकसान तेवढं धरून बसलात.

ड्रायव्हर : नुकसान झालंच ना तुझं.

मुलगी : झालं. म्हणून आता तुमच्यावर सोडते. बॅग भरलेली आहे, तिकीट काढलेलं आहे. माझ्याकडे बघून एकदा जा म्हणा. मी जाईन, पुन्हा विचारणार नाही.

ड्रायव्हर : जा म्हणतोय ना केव्हाचा.

मुलगी : दाराकडे बघून नाही.

ड्रायव्हर : तुझी ती नोकरी पुन्हा मिळायची नाही.

मुलगी : नाही मिळायची. मी तुम्हाला दुसरंच विचारलंय.

ड्रायव्हर : बाळा.

मुलगी : हं.

ड्रायव्हर : फार दुखतं गं.

मुलगी : माहीत आहे. भिंत धरून चालता, आवाज येतो मला.

ड्रायव्हर : नको जाऊस.