मान डावीकडे वळत नाही

हॅलो?… हां, बोल गं चिमे… काय? नीट ऐकू येत नाहीये. गाडी चालवता चालवता बोलतेयस की काय?… अगं पण… हो, हो, नव्या सरकारने कॅमेरे काढले, माहितेय मला! म्हणून काय डोकी फुटायची थांबलीत का? ठेव फोन.

थांब, थांब, ठेवू नकोस! स्पीकरवर आहे ना?… मग ताईचं ऐक. बाबा खाली गेलेत… अगं एकटेच! तू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार म्हणून सकाळपासून बूट घालून बसले होते. मी हा प्लास्टरचा पाय सावरत न्हाणीघरात गेले, तेवढ्यात दार ओढलं आणि निघाले. फोन इथे चार्जिंगला. कानातलं मशीन टेबलावर.

घाबरू नको काय? तुला ठाऊक नाहीये. आपला रस्ता आजपासून दुहेरी झालाय!… हो गं, कालपर्यंत एकेरीच होता. सकाळी माणसं आली, एकेरीची पाटी उपटली, स्पीडब्रेकर खरवडून काढले, कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याला गोणपाट बांधलं. गाड्या कशा सुटल्यात बघायला ये.

खूश काय होतेस?… बरं बाई, तुझ्या नवऱ्याच्या पक्षाचं अभिनंदन. वाहनचालकांचा छळ थांबवू म्हणाले, थांबवला. आता पायी चालणाऱ्यांचा सुरू… नाही गं, आधीचे तरी कुठे मोठे शहाणे लागून गेले होते? शाळेपाशी सोडून भलतीकडेच कॅमेरे लावून ठेवलेले. पण आपल्या दारात गाड्या हळू यायच्या की नाही? प्रत्येक सरकार येतं आणि आधीच्याचं पुसून टाकतं. बाबांना कोण सांगणार?

अगं मान! त्यांची मान डावीकडे वळत नाही, विसरलीस? गाड्या उजवीकडूनच यायच्या म्हणून इतकी वर्षं निभावलं. उजवीकडे बघायचं आणि चालू पडायचं. डावीकडे बघायचं असतं हे त्यांच्या गावीही नाही.

थांब, खिडकीशी जाते… कुबडी कुठे मेली… हां. दिसले. फाटकापाशी आहेत. पलीकडे जायला निघालेत, औषधाच्या दुकानासमोर. तू तिथेच गाडी लावतेस ना.

बाबा! ओ बाबा!… कसले ऐकतायत! तिसऱ्या मजल्यावरून घसा फोडला तरी… रखवालदार? खुर्ची रिकामी. गेला असेल चहाला.

काय करू गं मी? जिना उतरता येत नाही मला… रडत नाहीये. थोडी रडतेय… ताटली फेकते. अगं स्टीलची ताटली, खाली कोणी नाहीये… फेकली. त्यांच्या पायाशीच घरंगळली, दचकले! वळून बघतायत…

उजवीकडे बघितलं.

देवा रे. अगं उजवीकडेच बघितलं, आणि पाय टाकला खाली. चालायला लागले. अर्धा रस्ता ठीक आहे, इकडच्या गाड्या उजवीकडूनच येतात. पुढचा अर्धा… तिकडच्या आता डावीकडून येतात, चिमे. एक गेली आत्ता, हॉर्न दाबून. त्यांना पत्ताच नाही.

तू कुठे आहेस? पटकन ये, नाही, पटकन नको, हळू ये… कुठे? पाण्याच्या टाकीपाशी? टाकीपाशी कशी? तू तर मागून वळसा घालून येतेस… काय?… मीच सांगितलं रस्ता दुहेरी झाला म्हणून? आणि तू लगेच आत वळलीस?

अगं बये! टाकी डाव्या हाताला आहे! तू डावीकडून येतेयस!

हळू कर. हळू कर गं… किती जोरात आहेस? नको, सांगू नकोस, ब्रेक मार! बाबा मधोमध आले. उजवीकडे मान करून चाललेत… तुला दिसत नाहीत? मध्ये टेम्पो उभा आहे ना, त्याच्या आडून निघतायत! हॉर्न काय वाजवतेस, मशीन टेबलावर आहे म्हटलं ना! ब्रेक! चिमे, ब्रेक! बाबाऽऽ!

…

चिमे?… बोल ना गं… मी डोळे मिटलेत. मला बघवत नाहीये. तू सांग… चिमे, नुसता श्वास घेऊ नकोस, काहीतरी बोल!

थांबलीस?… थांबलीस ना? लागलं नाही ना त्यांना?… बघते. बघते मी… हो. उभे आहेत. अगं उभे आहेत! तुझ्या गाडीला कोट घासतोय त्यांचा, इतके जवळ… रडू नकोस. तू रडलीस तर मी इथेच बसेन खाली.

नाही गं, त्यांना कळलंच नाहीये. तू त्यांच्या अगदी शेजारी आहेस आणि ते अजून उजवीकडेच बघतायत. तुझी वाट बघतायत.

पुढे निघाले बघ. तुझ्या मागून दुसरी गाडी येतेय, लाल, तुझ्या कडेने पुढे घुसतेय… फोन टाक खाली! उतर, धर त्यांना! उतर गं, चिमे, धर!