चार थेंब खोबरेल

लेक: मान आणखी खाली घ्या. नळ लागेल डोक्याला.

बाबा: लागू दे. आत काही असतं तर जपलं असतं.

लेक: आणि डोळे मिटा. भांड्यांचा साबण आहे, झोंबेल.

बाबा: भांड्यांचा? अगं, न्हाणीघरात शाम्पू आहे.

लेक: शाम्पू दोनदा लावून झाला. तुमच्या डोक्याने पिऊन टाकला तो. आता हे डोकं नाही, तवा आहे असं समजून घासतेय. किती तेल ओतलंत?

बाबा: चार थेंब.

लेक: बाबा.

बाबा: सुरुवात चार थेंबांनीच केली. मग वाटलं, केसांना कळायला तर हवं की आपल्यासाठी काहीतरी चाललंय. म्हणून थोडं आणखी. मग बाटली तिरकी धरलेलीच होती, तर म्हटलं...

लेक: अर्धी बाटली खोबरेल. आणि केस कुठे, तर कानांवर एकेक झुपका आणि मागे झालर.

बाबा: झालर म्हणू नकोस. झालर निदान सरळ असते.

लेक: हसवू नका मला. मी अजून रागावलेली आहे. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. "तुझ्या बाबांकडे काहीतरी मोठं पडलं आणि आता काहीच आवाज नाही." मी तुम्हाला फोन लावतेय, लावतेय, तुम्ही उचलत नाही. आईच्या वेळेलाही काकूंचाच फोन होता. टॅक्सीत बसून काय काय येऊन गेलं डोक्यात.

बाबा: ते माझ्या लक्षात आलं नाही गं.

लेक: तुमच्या लक्षात येत नाहीच.

बाबा: फोन हातातून सुळकन निसटला आणि थेट कपड्यांच्या मशीनखाली. तो काढायला वाकलो, तर त्याच्या मागोमाग मीही निघालो. बसकण मारून पडलो म्हणून वाचलो. फोन वाजताना ऐकू येत होता मला. मशीनखाली तोंड नेऊन सांगतही होतो, "ठीक आहे मी, ठीक आहे."

लेक: मशीनला?

बाबा: तेवढंच जवळ होतं.

लेक: आणि पायात ते ओले मोजे कसले होते?

बाबा: ओले नाहीत, तेलातले. टाचांना तेल चोपडून मोजे चढवायचे, सकाळी टाचा तान्ह्या बाळासारख्या. एका बाईंनी व्हिडिओत दाखवलं. फरशीवर चालू नका, हे काही त्या बोलल्या नाहीत.

लेक: ते त्यांना सांगावं लागेल असं वाटलं नसेल. आणि तोंडाला काय होतं? मी दार उघडलं तर वाटलं, चिखलात लोळून आलात.

बाबा: साखर, कॉफी आणि तेल. चोळलं की मेलेली कातडी निघते.

लेक: निघाली?

बाबा: जिवंतही निघाली थोडी. गालाला हात लावू नकोस.

लेक: बासष्टाव्या वर्षी, चष्म्याच्या दुकानाचा मालक असलेला माणूस, दुकानाच्या सुट्टीला नखशिखांत तेलात. का? ओट्यावर ताटं दोन आहेत. कोण येतंय जेवायला?

बाबा: कुणी नाही गं. आपल्या त्या बाई. तलावावरच्या.

लेक: आपल्या?

बाबा: पोहायला शिकवतात त्या. डॉक्टरांनी नाही का गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं? तू समजतेस तसं काही नाही.

लेक: मी काहीच म्हटलं नाही.

बाबा: म्हणणार होतीस. परवा मी पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. म्हणजे पोहत गेलो. बाकीचे तोवर कपडे करून घरी गेले होते, पण गेलो. तर बाई म्हणाल्या, "वा, आता पार्टी कधी?" त्या सगळ्यांनाच म्हणतात तसं. मनावर मी एकट्यानेच घेतलं.

लेक: आणि तेल?

बाबा: तेही त्यांचंच. तलावाच्या पाण्यात औषध असतं, केसांची नुसती काथ्यासारखी गत होते. म्हणून आधी चार थेंब खोबरेल चोळून यायचं, असं सगळ्या वर्गाला सांगतात. माझ्याकडे बघून जरा अडखळल्या होत्या, पण सांगितलं.

लेक: उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

बाबा: आधीच गुडघे गेलेत, त्यात बाशिंग कुठे बांधू? आणि नवरा वगैरे शब्द काढू नकोस. नुसतं जेवण आहे. म्हातारचळ म्हण, चालेल.

लेक: बाबा, घरात शिरले ना, तेव्हा मला वाटलं घर चुकले. हा वास आपल्या घरात कधीच नव्हता. मला वाटलं, तुम्ही डोक्यालाच लावलंय. पण ओव्हनमधून येतोय, कढईतून येतोय. सगळा स्वयंपाक यातच केलात?

बाबा: बटाटे केलेत. केक केलाय. मासा गॅसवर आहे मंद आचेवर.

लेक: आईच्या कढईत.

बाबा: कढई एकच आहे घरात.

लेक: तिला हा वास सहन व्हायचा नाही. तुम्हाला माहीत आहे. ती गेल्यावर तुम्ही तिची चप्पलसुद्धा मला दारातून हलवू दिली नाहीत. मी हात लावला तर रागावलात. आणि आता एक बाई जेवायला येणार, तर अख्ख्या घराचा वास बदललात.

बाबा: नळ बंद कर जरा.

लेक: साबण आहे अजून.

बाबा: असू दे. बाईंसाठी नाही बदलला. मी लहान होतो तेव्हा आमच्याकडे तेल म्हणजे हेच. माझी आई याच्यात मासे तळायची, तेच आमच्या डोक्यावर थापायची, खरचटलं तर त्यावरही तेच. एकाच बाटलीतून. मला कितीतरी वर्षं वाटायचं, जगात तेल एकच असतं.

लेक: हे कधी सांगितलं नाहीत.

बाबा: सांगण्यासारखं काय त्यात? लग्न झालं. मी मोठ्या हौसेने बाटली आणून ओट्यावर ठेवली. तुझी आई नाक धरून गॅलरीत गेली ती दुपारपर्यंत आत आली नाही. मग ती बाटली मी दारांच्या बिजागऱ्यांना घातली. पुढे वर्षभर आपल्या घरातलं एकही दार करकरलं नाही. बस, संपलं. मला वाईट वाटलं असंही नाही. तिने माझ्यासाठी किती गोष्टी सोडल्या. माझ्या खात्यात ही एकच होती, तर मी ती जपून ठेवली होती.

लेक: मग आई गेल्यावर...

बाबा: गेल्यावरही नाही आणली. आणायला आता कुणाची ना नव्हती, तेच आवडत नव्हतं. मग तलाव सुरू झाला, केसांसाठी म्हणून एक बाटली घेतली, न्हाणीघरात ठेवली. एक दिवस दुकानातून दमून आलो, अंडं फोडलं आणि बघतो तर घरातलं तेल संपलेलं. मग आणली ती बाटली. खाण्याचं आहे असं तिच्यावर लिहिलंय, वाचलं मी. बारीक अक्षर वाचणं हा तर धंदाच आहे माझा. ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. मग पावाने तवा पुसून खाल्ला. मग आणखी दोन अंडी केली. नंतर तुझ्या आईच्या फोटोसमोरून जायची लाज वाटायला लागली, म्हणून गॅलरीतून वळसा घालून झोपायच्या खोलीत गेलो. आता बोल, याला काय म्हणायचं?

लेक: खरंच गॅलरीतून गेलात?

बाबा: खिडकी ओलांडून. गुडघ्यांसकट.

लेक: बाबा, मासा मंद आचेवर म्हणालात ना?

बाबा: हो.

लेक: मग हा धूर कसला आहे?

(लेक धावत जाऊन गॅस बंद करते, खिडक्या उघडते. तेवढ्यात दारातून हाक येते.)

बाई: आत येऊ का? दार उघडंच होतं, आणि जिन्यापर्यंत धूर आलाय. चष्मेवाले, ठीक आहात ना?

बाबा: ठीक आहे, बाई. या. जेवण जरा आधीच तयार झालं.

बाई: आणि डोक्याला फेस का?

लेक: केसांना तेल लावलंय त्यांनी.

बाई: मी चार थेंब सांगितलं होतं.

लेक: यांनी चार पेले लावलेत. बसा ना. खुर्ची पुसून देते, तिलाही लागलं असेल.

बाई: तू लेक. मी लगेच ओळखलं, भुवया आईच्या आहेत.

लेक: तुम्ही आईला कधी भेटलात?

बाई: फोटोत. लॉकरमध्ये पाकीट ठेवायच्या आधी यांनी सगळ्या वर्गाला तिचा फोटो दाखवलाय. दोघातिघांना दोनदा.

बाबा: बाई, हे सांगायची काही...

बाई: पहिल्या दिवशी हे पाण्यात उतरायलाच तयार नव्हते. कठडा असा घट्ट धरलेला. म्हणाले, "माझी बायको असती ना, तर काठावर बसून इतकी हसली असती की तुम्हाला आधी तिलाच बाहेर काढावं लागलं असतं." मी म्हटलं, समजा बसलीये ती तिथे. मग उतरले.

लेक: उतरले?

बाई: आणि बुडाले. कमरेएवढ्या पाण्यात. पण उतरले.

बाबा: घसरलो होतो. घसरण्यात माझा हातखंडा आहे, विचार हिला.

बाई: मीही काही कमी नाही. पार्टीचं मी आपलं सवयीने बोलले. हे खरंच बोलावतील असं वाटलं नव्हतं. सकाळपासून तीनदा कपडे बदलले आणि शेवटी पहिलेच घालून आले. मला लोक कायम टोपी आणि पोहण्याच्या पोशाखात बघतात. परवा बाजारात माझ्याच विद्यार्थ्याने मला "जरा सरका, मावशी" म्हटलं.

लेक: मी तुम्हाला काय म्हणू?

बाई: बाई म्हण. तलावावर सगळे तेच म्हणतात.

लेक: बरं. बाई, तुम्ही बसा निवांत. यांच्या डोक्यावरून एकदा पाणी घालते आणि मी निघते.

बाबा: निघते कुठे? जेवून जा.

लेक: ताटं दोनच काढलीत तुम्ही.

बाबा: अगं, मासा जळाला. बटाटे खालून करपलेत. केक मघाशी बघितला, मधे अजून पातळ आहे. ताटांत वाढायलाच काही नाही, तेव्हा ताटांवरून कसलं भांडतेस? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. थांब जरा. माझ्यासाठी नको, पण मशीनखालून तो फोन तरी कोण काढून देणार मला?

बाई: घरात अंडी आहेत का?

बाबा: आहेत. पावही आहे.

लेक: मी करते. बाबा, तुम्ही डोकं पुसून या. आणि मोजे घालू नका.

बाबा: वरच्या फळीवर दुसरं तेल आहे, साधं. तू कधीही येशील म्हणून आणून ठेवलंय.

लेक: ते राहू दे. ती बाटली द्या.

बाबा: कुठली?

लेक: तीच. उरलं असेल ना थोडं?

बाबा: तळाशी आहे. घे. अगं, तुला नको असेल तर उगाच माझ्यासाठी म्हणून... लहानपणी तूही नाक धरायचीस. रस्त्यात कुणी तेल लावून गेलं तरी.

लेक: आई धरायची म्हणून धरायचे. मी कधी खाऊन बघितलंच नव्हतं.

बाई: छान वास सुटलाय. आच कमी ठेव पण, आज धूर पुरेसा झालाय.

लेक: घ्या, बाई. बाबा, हे तुमचं.

बाबा: आणि तुझं?

लेक: घेतलं मी. खाते आहे.

बाबा: उभ्यानेच?

लेक: हं.

बाबा: कसं लागतंय?

लेक: पाव द्या जरा.

बाबा: अगं पण लागतंय कसं?

लेक: चांगलं लागतंय. आईला सांगू नका.

बाबा: नाही सांगत.