कौतिकनानांनी न फेकलेला फ्लास्क

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपले प्राचार्य माननीय बन्सीलाल सर, व्यासपीठावरचे संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, सत्कारमूर्ती आदरणीय कौतिकनाना, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. बेबाअक्का, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

वनस्पतिशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून नानांविषयी दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. सूत्रसंचालकांनी सुचवलंय की मॅडम, जरा भावपूर्ण बोला. प्रयत्न करते.

नाना चौतीस वर्षं आमचे प्रयोगशाळा परिचर. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक फ्लास्कमधलं थेंबभर शेवाळ नव्या खाद्यपाण्यात घालायचं, ही त्यांची रीत. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून येत. पंखा बंद, दार बंद, आत कुणी शिंकायचं नाही. एकदा तर प्राचार्यांनाही त्यांनी अर्धा तास दाराबाहेर उभं केलं होतं. सर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

त्या फ्लास्कांपैकी एक माझ्या यजमानांचा, हितेंद्र सरांचा. रावेरकडच्या एका केळीबागेच्या शेततळ्यातून त्यांनी आणलेलं निळंहिरवं शेवाळ त्यात होतं. सर गेल्या ऑक्टोबरात गेले. आपण सगळे आला होतात. तेव्हापासून लोक विचारतात, कशा आहात? मी म्हणते, बरी आहे. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नाही. तासाला जाते, डबा खाते, घरी जाते.

सर गेल्यावर मी नानांना बजावलं, हा फ्लास्क उघडायचा नाही. एक तारखेलाही नाही. त्याच्या तोंडाचा कापसाचा बोळा सरांनी स्वतःच्या हाताने बसवला होता, एवढंच कारण. पाच महिने नाना बाकीचे सगळे फ्लास्क बदलत राहिले आणि त्या एकाला फक्त पुसून जागेवर ठेवत राहिले.

आता विद्यार्थ्यांनो, तुम्हाला मी काय शिकवते? प्रकाश हे अन्न आहे, पण जास्त झाला तर तोच पेशीला इजा करतो. म्हणून पेशी स्वतःला आवरते. कडक उजेडात तिच्यातलं एक नारिंगी प्रथिन आकार बदलतं, उजेड पकडणाऱ्या सांगाड्याला चिकटतं आणि नको असलेली ऊर्जा उष्णता करून सोडून देतं. अंधार पडला की साखर बनवणारी दोन विकरं बांधून ठेवली जातात, उजाडलं की सोडली जातात. आणि खाद्य संपलं, तर पेशी तो सांगाडाच मोडून खाते. निळी झाक जाते, ती पिवळी पडते आणि गप्प बसून राहते. परीक्षेत हे आठ गुणांना असतं.

आणि मी काय केलं? फ्लास्क पिवळा दिसला तशी तो उपाशी फ्लास्क उचलून दक्षिणेच्या खिडकीत ठेवला, मार्चच्या उन्हात. म्हटलं, उजेड मिळाला की हिरवा होईल. पहिल्या वर्षाच्या मुलानेही करू नये अशी चूक. चार दिवसांत तो ताकासारखा पांढुरका झाला.

नाना म्हणाले, "मरेल नही शे ते, मॅडम. पन बोळा उघाडना पडी."

मी म्हटलं, मेलंय ते, फेकून द्या. आणि तासाला निघून गेले.

नानांनी चौतीस वर्षांत माझी एकच आज्ञा मोडली, ती ही. बोळा चिमट्याने अलगद काढला, थेंबभर पाणी नव्या खाद्यपाण्यात घातलं, तोच बोळा जुन्या फ्लास्कला पुन्हा तसाच बसवला. नव्या फ्लास्कला खाकी कागद गुंडाळून कपाटामागच्या सावलीत ठेवलं. मला सांगितलं नाही.

आज सकाळी त्यांनी तो कागद काढला. तळाशी हिरवा थर होता. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धागे सरकत होते. सरांचं शेवाळ जिवंत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. नानांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "व्हई, मॅडम. याले बी तीन हप्ता लागनात."

नाना, संस्थेने आपल्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं आहे. माझ्याकडे द्यायला वेगळं काही नाही. आपले आभार मानते. अक्का, चौतीस वर्षं दर एक तारखेला सदरा धुऊन दिलात, आपलेही आभार.

बोलण्यात काही राहिलं असेल, कमीजास्त झालं असेल, तर सांभाळून घ्या. अशा प्रसंगी डोळ्यांत पाणी यावं, ते माझ्या डोळ्यांत आलं नाही. तेही सांभाळून घ्या.

आज एकतीस मार्च. उद्या एक तारीख आहे आणि नाना नसतील. सरांचा फ्लास्क मी उघडणार आहे. सकाळी दहा ते अकरा पंखा बंद असेल. कृपया कुणी दार वाजवू नये.