हळदीची कॅसेट

कोराडीच्या बसची रांग काही पुढं सरकत नव्हती, म्हणून गोपिकाबाईंचे कान पुढच्या दोघींच्या बोलण्याकडं लागले.

"अनुसया, भाऊजीचं काम्पुटरचं येड कमी झालं का वं?"

"कायचं कमी. आमचे हे सुट्टीभर तो टीव्हीले जोडून बसते. प्रोग्राम लिहिते अन् गाण्याच्या टेपच्याच कॅसेटवर भरून ठेवते. पुतणीच्या हळदीत गाण्याची समजून मी त्यातलीच एक कॅसेट नेली."

"मंग?"

"मंग काय, मांडवात नुसतं किर्रर्र. बाया कानावर हात ठेवून राहिल्या, अन् हे डोळे मिटून ऐकून राहिले. म्हणे, माहा सहा महिन्यांचा प्रोग्राम हाय, बराबर भरला हाय."

"शरम नाई वाटली त्याइले?"

"मले वाटली. म्हणून टेप बंद करून मीच हळदीचं गाणं धरलं. लग्न झाल्यापासून गायलीच नव्हती मी."

"अन् भाऊजी?"

"टेपजवळच बसून राहिले. मले वाटलं, आपली कॅसेट सांभाळून राहिले."

"सांभाळली ना?"

"घरी येऊन लावली. किर्रर्र नव्हतंच वं तिच्यात. पहिल्यापासून माहंच गाणं."