राजपुत्र घोरतो का?

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर मायलेकी बसल्या होत्या. लेक राजपुत्राच्या प्रेमाचं कॉमिक वाचत होती.

“त्या लिफ्ट दुरुस्तीवाल्या मुलाला काय कळवू? आज उत्तर द्यायचंय.”

“थांब गं आई. राजपुत्र स्वयंपाकिणीला मागणी घालतोय.”

“आणि राज्य कोण बघतं?”

“कुणीच नाही. तो बागेतच असतो. स्वयंपाकीण चार पानं नुसती नाचतेय.”

“चुलीवरचं करपलं असेल.”

“यात काही करपत नाही. म्हणून तर वाचते.”

“लग्नानंतर काय होतं?”

“लग्न झालं की पुस्तक संपतं.”

“मग घोरणं कुठल्या पानावर येणार? तुझे बाबा घोरतात. ते गावाला गेले की मलाच झोप लागत नाही.”

“हा लिफ्टवाला घोरतो का? विचारलंस?”

“विचारलं. म्हणाला, मी तेव्हा झोपेत असतो, मला काय ठाऊक.”

“राजपुत्राने सरळ ‘नाही घोरत’ म्हटलं असतं.”

“मग काय कळवू?”

“हो कळव. पण एवढं पुस्तक संपू दे.”