लावल्या चार, काढल्या तीन

...अहो, मोजायला मी काय आज शिकलोय का? बत्तीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो, एक नट कमी असलेली पेटी माझ्या टेबलावरून कधी पुढे गेली नाही, आणि तुम्हाला सांगतो, घरच्या डबीतल्या टाचण्या मोजल्या तर काय? लावल्या चार, काढल्या तीन! 

थांबा, आधीपासून सांगतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पायाला जरा विश्रांती द्या. आमची ही म्हणाली, "तोंडालाही द्या, आणि हात चालवा," आणि दिली क्रोशाची सुई हातात! मी म्हटलं, सात महिन्यांची नात आहे, तिला लोकरीचा पक्षी करू. निळा. सुरुवात केली चिमणी म्हणून, पण कापूस भरता भरता तिची कोंबडी झाली, ते जाऊ दे. आता पंख शिवायचे तर आधी टाचणीने जागेवर धरावे लागतात, नाहीतर एक पंख खांद्याला आणि दुसरा कमरेला! म्हणून पंखांना दोन, शेपटीला एक, चोचीला एक. शिवून झालं, टाचण्या काढल्या, डबीत टाकल्या. तेवढ्यात लेक आली, "बाबा, कित्ती गोड हो!" म्हणाली आणि गेली की घेऊन सासरी. आणि मी आपली जुनी सवय म्हणून डबी उघडली...

लावल्या चार, काढल्या तीन!

 फोन लावला. "बाळ काय करतंय गं?" म्हटलं. "बाबा, चोच चघळतेय! सोडतच नाही!" चोच! अहो, चोच! मी ओरडलो, "काढ!" "काय काढू?" आणि तेवढ्यात मागून विहीणबाईंचा आवाज, "काय म्हणतायत गं व्याही?" आता आमच्या विहीणबाई कशा, तर बाळाचा खुळखुळासुद्धा उकळून, वाळवून, हुंगून मग हातात देणार. त्यांना काय सांगू? तुमच्या नातीच्या तोंडात मी टाचणी दिलीय? मी आपलं म्हटलं... "फोटो काढ!"

भित्रा! एक नंबरचा भित्रा माणूस! आणि आला ना फोटो! डोळ्यांपर्यंत पक्षी तोंडात! लाज वाटली हो. नातीच्या जिवापेक्षा मला विहीणबाईंची भीती मोठी? पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला, कोणी उचलेना. मग मात्र निघालो. काठी घरात, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात हिची, दोन गल्ल्या पार केल्या, आणि प्रत्येक पावलाला डोक्यात एकच, लावल्या चार, काढल्या तीन, लावल्या चार, काढल्या तीन...

दार उघडलं विहीणबाईंनीच. मी नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ आत, बाळाच्या तोंडातून पक्षी ओढला! बाळाने टाहो फोडला. लेक म्हणते, "बाबा, वेड लागलं का तुम्हाला?" मी म्हटलं, "टाचणी... आत... बहुतेक..."

 विहीणबाई तडक वळल्या. आत गेल्या, कात्री घेऊन आल्या. मला वाटलं, आता संपलो! पण कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उसवा."

नऊ दिवसांचं काम हो! उसवलं. टाका न् टाका. चष्मे लावून सगळे कापूस चिवडत बसलो, लेक, जावई, विहीणबाई. काही नाही! मग विहीणबाईंनी बाळाच्या तोंडात बोट घातलं, इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, आणि एकदम थांबल्या. "टोचतंय काहीतरी."

 मी खालीच बसलो. जावई फोन शोधतोय, लेक रडतेय... आणि विहीणबाई वाकून बघतात, बघतात, आणि म्हणतात, "अगं बाई! दात!"

पहिला दात! म्हणून चघळत होती कारटी! पक्षीबिक्षी काही नाही, तिच्या हिरड्या शिवशिवत होत्या! मी इतका रडलो, की विहीणबाईंनी स्वतः पाणी आणून दिलं. "नवीन करा," म्हणाल्या, "पण टाचणीशिवाय!"

तरंगत घरी आलो. हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "बरं झालं बाई." आणि मग हळूच म्हणाली, "पण अहो... पक्ष्यात नाही, तर मग टाचणी आहे कुठे?"

आता मी शिवायला बसायचो कुठे? याच सोफ्यावर. आज तीन आठवडे झाले, गाद्या उलट्या केल्या, फटी कोरल्या, लोहचुंबक फिरवला... नाही म्हणजे नाही! ही भाजी निवडते उभ्याने, मी पेपर वाचतो उभ्याने. आणि तुम्ही मंडळी आल्या आल्या धपकन बसलात! मी सांगणारच होतो, पण पाहुण्यांना "बसू नका" कसं म्हणायचं? अहो, उठताय कशाला घाबरून? बसा, बसा. ओरडलं नाही ना कोणी?... म्हणजे तेवढी जागा तरी तपासून झाली.