खुंटीवरचे हातमोजे

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“बघू हात. अगं बाई, केवढ्या या भेगा! परवाच्या लग्नात हार्प कशी वाजवणार, वहिनी?”

“तार ओढली की रक्त येतं गं.”

“दादा असता तर ओरडला असता. खुरप्याला हात लावू द्यायचा नाही तुला. ‘तुझी बोटं तारांची, माती माझी,’ म्हणायचा.”

“हो ना. मी नुसती बोट दाखवायची, राबायचे ते. आता त्यांचे गुलाब वाळायला लागले, मला बघवेना.”

“मग निदान हातमोजे तरी घालायचे! दादाचे आहेत की खुंटीवर.”

“आहेत. त्यांच्या बोटांचा बाक अजून तसाच आहे त्यांत.”

“मग?”

“माझा हात घातला की मोडेल.”